फडावर गेलेली मंडळी

(शास्त्रभाग : रूथ, अध्याय १ व २, अनुवाद २६:१–११, रोमकरांस पत्र १६:१–५)

दसरा झाला म्हणजे आपल्या कित्येक मंडळ्यांची वही एकीकडे राहते आणि मंडळी दुसरीकडे जाते. बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर या बाजूस आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांत ज्या बंधूंनी उपदेशकाचे काम केले आहे, त्यांना हे सांगावयास नको. एके रविवारी मंदिरात बसावयास जागा नसते. त्यानंतर तिसऱ्या रविवारी सतरंजीच्या एका कोपऱ्यावर पाचसहा म्हातारी माणसे, दोनचार लहान मुले आणि ज्यांना गुडघेदुखीमुळे मुकादमाने नेले नाही अशा एकदोन बाया, एवढीच उपासनेस उरतात. बाकीची घरे कुलूप लावून ऊसतोडीस गेलेली असतात. नाताळाची गीते त्या म्हाताऱ्या माणसांनीच म्हणावयाची, आणि पट्टा पडून लोक परत येतात तोवर पुष्कळदा पुनरुत्थानाचा सणही होऊन गेलेला असतो.

अशा गावांतील उपदेशक बंधू आमच्यापुढे दोन प्रश्न नेहमी मांडतात. पहिला असा की, पोटासाठी मंडळी सोडून सहा महिने दूर जाणे हे देवावरील अविश्वासाचे चिन्ह नव्हे काय? दुसरा असा की, जे निम्मे वर्ष उपासनेस नसतात आणि प्रभुभोजनास मुकतात, त्यांची नावे वहीत कशी ठेवावी? या दोन्ही प्रश्नांचा शास्त्राच्या आधाराने विचार व्हावा म्हणून आजचा पाठ योजिला आहे.

प्रथम रूथचे पुस्तक उघडावे. शास्त्यांच्या काळात देशात दुष्काळ पडला आणि यहूदातील बेथलेहेमचा अलीमलेख नावाचा गृहस्थ बायको व दोन मुलगे घेऊन मवाब देशी राहावयास गेला. बेथलेहेम या इब्री नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे. भाकरीच्या घरीच भाकरी नाही, अशी ती वेळ होती. पुढे अलीमलेख मेला, दहाएक वर्षांत दोन्ही मुलगे मेले, आणि नामी विधवा व निपुत्रिक होऊन परत आली. या कथेवर बोलताना पुष्कळ उपदेशक असे सांगतात की, वचनदत्त देश सोडण्याचे पाप अलीमलेखाने केले आणि त्याची शिक्षा म्हणून तीन मृत्यू झाले. आम्हीही पूर्वी असेच सांगत असू. परंतु वाचकांनी पहिला अध्याय पुन्हा सावकाश वाचावा व हे वाक्य कोठे आहे ते शोधावे. ते तेथे नाही. नामी आपल्या दुःखाच्या भरात परमेश्वराचा हात आपल्याविरुद्ध उठला असे म्हणते खरी, पण तिचा नवरा गाव सोडून गेला म्हणून देव कोपला असे शास्त्र म्हणत नाही. शास्त्र एवढेच सांगते की, दुष्काळ पडला व ते गेले; आणि पुढे परमेश्वराने आपल्या लोकांस अन्न दिले असे ऐकून ती परत निघाली. दोन्ही वेळी कारण भाकरीचे आहे. जे शास्त्राने दोष म्हणून लिहिले नाही, ते आपण व्यासपीठावरून दोष म्हणून वाचू नये, विशेषतः आपला पगार महिन्याच्या महिन्यास येत असता.

याहून स्पष्ट दाखला उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. दुष्काळात अब्राहाम मिसरास गेला (१२:१०). त्याचा पुत्र इसहाक याच्या काळी पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा मिसरास जाऊ नको, मी सांगेन त्या देशात राहा, असे परमेश्वराने त्यास सांगितले (२६:१, २). आणि इसहाकाचा पुत्र याकोब म्हातारपणी निघाला, तेव्हा त्याच परमेश्वराने त्यास मिसरास जाण्यास भिऊ नको, मी तुझ्याबरोबर येतो, असा धीर दिला (४६:३, ४). एकाच घराण्यात बापाला राहा म्हटले, मुलाला जा म्हटले. यावरून जाणे हे स्वतः पाप नव्हे आणि राहणे हेही स्वतः पुण्य नव्हे, हे उघड होते. ज्याच्या घरी दाणा आहे त्याने इसहाकाचा अध्याय उघडून ज्याच्या घरी दाणा नाही त्याला बसवून ठेवू नये.

आपल्या वाडवडिलांच्या इतिहासाकडे पाहिले तरी हेच दिसते. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात दख्खनेतील किती घराणी गाव सोडून सरकारी कामांवर व शहरांकडे गेली! जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची वसाहत उभी केली, तेथे वसलेली माणसे आपापली गावे सोडूनच आलेली होती. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या व त्यांना केडगावी आश्रय दिला. १९७२ चा दुष्काळ तर आजच्या वृद्धांनी डोळ्यांनी पाहिला आहे. खडी फोडून त्यांनी तो काढला. आज ज्यांची घरे पक्की झाली आहेत त्यांचेही आजेपणजे कोणे एके काळी डोक्यावर बोचके घेऊन कोणाच्या तरी ओसरीवर उभे होते.

आता जे वाचक या भागातील नाहीत त्यांच्यासाठी ऊसतोडीची रीत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे बीडकडील पुष्कळ जमीन कोरडवाहू आहे. दुसरीकडे कृष्णा, पंचगंगा, नीरा, प्रवरा या नद्यांच्या व कालव्यांच्या पाण्यावर ऊस उभा असतो. मुकादम पावसाळ्यातच गावात येऊन ‘उचल’ देतो. ती लग्नात, दवाखान्यात, किंवा मागील उचलीच्या फेडीत जाते. नवरा व बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. म्हणजे हिशेबात ती दोन माणसे नसून एक हत्यार असते. कार्तिक लागता सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांत आणि कर्नाटकातही ट्रक, ट्रॅक्टर व बैलगाड्या भरून टोळ्या जातात. फडाजवळ पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे, कधी मध्यरात्रीही, काम सुरू होते. पुरुष तोडतो, बाई वाढे छाटून मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. एक दिवस बुडाला तर ‘खाडा’ धरतात व त्याची रक्कम उचलीत चढते. हंगाम संपून हिशेब होतो तेव्हा हाती पैसा उरण्याऐवजी पुष्कळदा देणेच उरते, आणि पुढल्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते.

हे ध्यानात ठेवून रूथचा दुसरा अध्याय वाचला म्हणजे त्यातील लहान लहान गोष्टी बोलू लागतात. तेथेही कापणीचे दिवस आहेत, मुकादम आहे, गडी आहेत, मोलकरणी आहेत, आणि कोणाचीही नसलेली एक परदेशी विधवा आहे. नियमशास्त्राप्रमाणे शेताच्या कडा कापावयाच्या नसत व पडलेली कणसे वेचावयाची नसत. ती गरिबांची व परक्यांची असत (लेवीय १९:९, १०). म्हणून रूथ वेचावयास आली तेव्हा ती भीक मागत नव्हती, देवाने ठरवून दिलेला वाटा घेत होती. बवाज शेतावर येतो आणि प्रथम कापणाऱ्यांस परमेश्वराच्या नावाने नमस्कार करतो. तेही तसाच नमस्कार देतात. मग तो ही मुलगी कोण म्हणून विचारतो. नंतर त्याने काय केले ते पाहा. गड्यांना ताकीद दिली की, हिच्या अंगास हात लावावयाचा नाही. तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या भांड्यांतून पाणी पिण्यास तिला सांगितले. जेवणाच्या वेळी तिला कापणाऱ्यांच्या पंगतीत बसविले आणि हुरडा स्वतःच्या हाताने दिला. ती पोटभर जेवली आणि उरलाही. शेवटी गड्यांना गुपचूप सांगितले की, पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम सोडा आणि तिला धमकावू नका. सायंकाळी तिने झोडपून पाहिले तो सुमारे एक एफा सातू भरले.

अब्रू, पाणी, जेवण व मजुरी या चार गोष्टी बवाजाने शेताच्या बांधावरच पाहिल्या, मंदिरात नव्हे. आपल्यामध्ये ज्यांचा ऊस आहे, किंवा जे कारखान्यात नोकरीस आहेत, अशा ख्रिस्ती बंधूंनी हा अध्याय गुडघ्यावर बसून वाचावा. तुमच्या फडात तोडणाऱ्या बाईला पिण्याचे पाणी कोठून आणावे लागते? तिला आडोसा आहे काय? अंधारात ती एकटी जाते तेव्हा तुमच्या गड्यांस कोणी ताकीद दिली आहे काय?

येथे एक गोष्ट लिहावयास लाज वाटते, परंतु लिहिली पाहिजे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांचे गर्भाशय फार मोठ्या प्रमाणावर काढण्यात आल्याचे उघडकीस आले. सरकारने चौकशीस समिती नेमली. सुमारे ८२,००० स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांतील १३,००० हून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांत तिशी–चाळिशीच्या आतल्या पुष्कळ होत्या. अडचणीच्या दिवसांत काम बुडते, खाडा पडतो, फडावर धुण्यास पाणी नसते, दुखणे अंगावर काढावे लागते. मग कोणी डॉक्टर सांगतो की पिशवीच काढून टाका, आणि भ्यालेली बाई हो म्हणते. बायबल बायांनी या विषयावर आपल्या भगिनींशी उघड बोलावे. एका डॉक्टरच्या सांगण्यावरून कोणी ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. सरकारी दवाखान्यात दुसऱ्यांदा दाखवावे, एवढे तरी प्रत्येक घरी पोहोचले पाहिजे. उपदेशकांना हा विषय सांगणे अवघड वाटत असेल, तर प्रभूच्या वस्त्राच्या गोंड्यास शिवलेली ती बारा वर्षांची दुखणाईत बाई आठवावी. पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने बरेच सोसले होते, हे मार्क स्पष्ट लिहितो (५:२६), आणि प्रभूने तिला ‘मुली’ म्हटले ते सर्व गर्दीदेखत.

आता आमच्याकडून घडलेली एक चूक सांगतो. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो आणि ऊसपट्ट्यातील एका मंडळीत आमची नेमणूक झाली होती. मंदिर कालव्याच्या अलीकडे आणि पलीकडे दरवर्षी कोप्या पडत. दोन हंगाम आम्ही त्या पाहिल्या. सायंकाळी चुलींचा धूर दिसे. ‘ही बाहेरची माणसे आहेत, चार महिन्यांनी जातील’ असे मनात येई, आणि आम्ही आपल्या मंडळीतील घरभेटी करावयास जात असू. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी एके दुपारी एक माणूस दारात उभा राहिला. पाचटाने त्याचे हात कापले होते. त्याची लहान मुलगी तापाने पहाटे वारली होती आणि मातीस जागा मिळेल काय, असे तो विचारीत होता. आम्ही विचारले, तुम्ही कोण? त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला. तो त्या मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला होता, आणि त्यावर आमच्या ओळखीच्या एका वृद्ध पाळकाची सही होती.

संध्याकाळी दफन झाले. मुकादमाने अर्धा दिवस दिला होता. परत जाताना आम्ही त्यास म्हटले, बाबा, दोन वर्षे तुम्ही इतके जवळ होता, उपासनेस का आला नाही? तो म्हणाला, “पाळकसाहेब, घंटा दर रविवारी ऐकू येत होती. आम्हांला वाटलं, कोणीतरी बोलवायला येईल.” तो रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर आम्हांला सोसणे सोपे गेले असते.

म्हणून ज्या मंडळ्या ऊसपट्ट्यात आहेत त्यांनी अनुवादाचा सव्विसावा अध्याय आपल्यासाठीच लिहिला आहे असे समजावे. तेथे इस्राएली शेतकरी पहिल्या उपजाची टोपली घेऊन याजकापुढे येतो. टोपली ठेवताना त्याने काय बोलावयाचे ते मोशेने ठरवून दिले आहे. माझी जमीन, माझे पाणी, माझी मेहनत यांविषयी तो बोलत नाही. आपला पूर्वज भटकणारा अरामी होता, थोड्या माणसांनिशी मिसरात परका म्हणून राहिला, तेथे त्याच्यावर जुलूम झाला आणि परमेश्वराने त्याला बाहेर काढले, असा आपल्या घराण्याचा सारा वृत्तांत तो म्हणतो. आणि अकराव्या वचनात सांगितले आहे की, या आनंदात लेव्याने व तुमच्यामध्ये राहणाऱ्या परक्याने भाग घ्यावा. उपकारस्मरणाच्या रविवारी आपल्याकडे वेदीजवळ उसाची मोळी उभी करण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. रीत चांगली आहे. पण तो ऊस ज्याने तोडला तो त्या वेळी कोठे असतो? मोळी मंदिरात आणि मोळी बांधणारी बाहेर, अशी उपासना मोशेने लावून दिली नव्हती.

आणखी एक सूचना उपदेशक बंधूंस प्रेमाने करतो. आपण या पृथ्वीवर परके व प्रवासी आहोत, हे इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातील शिक्षण सत्य आहे व फार सांत्वनाचे आहे. पेत्रानेही विश्वासणाऱ्यांस ‘पारोइकोस’ म्हणजे परक्या गावी वस्ती करणारे असे म्हटले आहे, आणि मंडळीच्या हद्दीस इंग्रजीत जो ‘पॅरिश’ शब्द आहे तोही याच मुळापासून आलेला. परंतु हे शिक्षण कौलारू घरात राहणाऱ्याने ताडपत्रीखाली राहणाऱ्यास फार सोपेपणाने सांगू नये. ८ मे २०२० रोजी टाळेबंदीच्या दिवसांत जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर थकून झोपले असता मालगाडीखाली सापडून मेले. त्यांनी वाटेसाठी बांधून घेतलेल्या पोळ्या रुळांवर पसरल्या होत्या. त्यांना घरी जावयाचे होते, आणि ते घर या पृथ्वीवरचे होते. शिशू ख्रिस्तासही रातोरात मिसरास न्यावे लागले, पण ज्याने मारावयास माणसे पाठविली त्या हेरोदाचे नाव मत्तयाने झाकून ठेवले नाही. तेव्हा प्रवासी जीवनाचा उपदेश करताना, माणसास प्रवासी कोणी केले, हेही सांगावे.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे वहीतील नावांचे उत्तर, अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या वृत्तांतात मिळते. अक्विला मूळचा पंताचा. तो रोमास राहिला, क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोमातून घालविले म्हणून करिंथास आला, तेथून इफिसास गेला, आणि पौलाने रोमकरांस पत्र लिहिले तेव्हा पुन्हा रोमात होता. हातात तंबूचे काम. जेथे काम तेथे घर. असे हे जोडपे कोणत्या मंडळीच्या वहीत होते? पौल सांगतो की, त्यांच्या घरी मंडळी जमत असे. ते मंडळीपासून दूर गेले नाहीत. ते गेले तेथे मंडळी गेली. आपल्याही काही टोळ्यांत शनिवारी रात्री कोपीत कंदील किंवा मोबाईलचा दिवा लावून प्रार्थना होते, हे आम्ही स्वतः जाऊन पाहिले आहे. एक बाई वाचते, कारण टोळीत तिलाच वाचता येते. अशा लोकांची नावे काटावयाची असतील तर प्रिस्किल्लेचेही काटावे लागेल.

याच अध्यायात आरंभी पौलाने फिबी भगिनीविषयी दोन वचने लिहिली आहेत. ती किंख्रियाची, रोमास निघाली. पौल तिची ओळख करून देतो, तिचा स्वीकार करा म्हणतो आणि तिला ज्या कामात गरज पडेल त्यात साहाय्य करा म्हणतो. हे पत्र तिच्याबरोबर होते म्हणून रोमात कोणी तिला ‘तुम्ही कोण?’ असे विचारले नसेल.

आमच्या मंडळीत गेल्या तीन वर्षांपासून आम्ही असे पत्र देतो. दसऱ्यापूर्वीच्या रविवारी ते वाचून दाखवितो आणि जाणाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करतो. पत्रात घरातील प्रत्येकाचे नाव असते, बाप्तिस्म्याचे वर्ष असते, मूल कितवीत आहे ते असते, कोणास कसले औषध चालू आहे ते असते, आणि खाली आमचा व तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा आकडा मात्र पत्रात न लिहिता दोन साक्षीदारांसमक्ष वेगळ्या वहीत लिहितो. हिशेबाच्या वेळी तो उपयोगी पडतो, आणि आकडा लिहिला गेला आहे हे मुकादमास कळले तरी पुरते. ज्या गावी सरकारी हंगामी वसतिगृह आहे तेथे आजीआजोबांपाशी राहणाऱ्या मुलांची नावे घालण्यास उपदेशकाने स्वतः शाळेत जावे. जी मुले बरोबर जातात त्यांच्यासाठी जवळ साखरशाळा आहे काय, ते विचारून ठेवावे. रेशनकार्डावर परजिल्ह्यात व परराज्यातही धान्य मिळते, हे पुष्कळांस ठाऊक नसते, तेही सांगावे. आणि कोयता पुरा व्हावा म्हणून, किंवा वयात आलेली मुलगी मागे कोणाकडे ठेवावी या भीतीने, अठरा वर्षांच्या आत तिचे लग्न लावण्याचा बेत कोणी केला, तर त्या लग्नास पाळकाने उभे राहू नये. त्याऐवजी सहा महिने ती मुलगी आपल्या घरी ठेवून घेण्यास मंडळीतील एखाद्या कुटुंबाने पुढे यावे. आमच्याकडे मागील वर्षी अशा दोन मुली दोन घरी राहिल्या. एकीची दहावीची परीक्षा झाली.

या वर्षी आम्ही सत्तावीस पत्रे लिहिली आहेत. त्यांतील नऊ कुटुंबे सांगलीकडे, सहा कोल्हापुराकडे आणि बाकीची कर्नाटकात जाणार आहेत. ज्या पाळकांच्या मंदिराजवळ कालवा आहे आणि पलीकडे कोप्या पडल्या आहेत, त्यांनी येत्या रविवारी घंटा वाजविण्यापूर्वी एकदा पलीकडे जाऊन यावे. पत्रे बहुधा पत्र्याच्या पेटीत, सर्वांत खाली, प्लास्टिकच्या पिशवीत असतात. मागितल्याशिवाय कोणी दाखवीत नाही.